अकराव्या सागाची साल

१

तेवीस साग सोलले होते.

सोमवारी सकाळी तुबानं धामणखेड्याच्या फाट्यावरून जीप आत घातली, तेव्हा तिच्या डोक्यात मोजणीचा टेप, रंगाचा डबा आणि दिवस मावळायच्या आत सगळी झाडं मोजून होतील की नाही, एवढंच होतं. वळणापाशी माणसांचा घोळका दिसला आणि तिनं ब्रेक दाबला.

खुशालराव भुयारांचा सागाचा पट्टा पोहऱ्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, गावाच्या रस्त्याला लागून होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं आपल्या हातांनी रोपं लावली होती. बायको गेली, झाडं वाढली, कवेत मावेनाशी झाली. अक्षय तृतीयेला ती उभी झाडं तुबाला विकायचं ठरलं. आज वनखात्याकडून मोजणी व्हायची होती. झाडांवर नंबर पडले की परवानगी, परवानगी आली की तोड.

पण रस्त्याकडेच्या ओळीतल्या एकूण एक झाडाची साल कमरेएवढ्या उंचीवर कुणीतरी कुऱ्हाडीनं काढली होती. वीतभर रुंद पट्टा, आतलं पिवळट लाकूड उघडं पडलेलं. साल अशी गोल सोलली की साग उभ्या उभ्या वाळतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

वनरक्षक रागिणीताईंनी टेप पिशवीत परत टाकला. “आज मोजणी होत नाही. हे कोणी केलं ते आधी कळू द्या. उद्या माझ्यावर येईल.”

“कोनं केलं म्हंजे?” शेजारच्या वावराचा मालक किशोर ढोले मोठ्यानं म्हणाला. “ज्याले भाव पाडाचा असन त्यानं! वाळकी झाडं सस्त्यात भेटतात.” बोलताना तो तुबाकडे पाहत होता.

तुबाचे अब्बा, अन्सारभाई, तीस वर्षं उभ्या झाडांचे सौदे नुसत्या शब्दावर करत आले. ते गेल्यापासून सहा वर्षं अमरावतीतली लाकूड कापायची आरामशीन ती एकटी चालवत होती. लाकडाच्या धंद्यात बाई म्हणून तिच्यावर बोट दाखवायला लोक निमित्तच शोधत असायचे. आता ते आयतं मिळालं होतं.

“अन् राखनदार कुठी हाय?” मागून दुसरा कुणी बोलला. “पुंजाराम शनवारपासून दिसला नाई. पोरगा मेला तवापासून डोस्कं ठिकानावर नाई त्याचं. त्याचंच काम हाय हे.”

हा तर्क लोकांना जास्त आवडला. पुंजाराम गरीब होता आणि समोर नव्हता.

खुशालराव ओढ्यावरच्या रपट्याच्या कठड्यावर बसून होते. सागाला कुणी शेळी बांधली तरी अंगावर धावून जाणारा हा माणूस आज झाडांकडे पाहतही नव्हता. तुबा त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

“काका, पोलिसात तक्रार देऊ आपण.”

“नको.” ते एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून, “बेटा, ही रस्त्यावरची ओळ सोडून दे. बाकीची झाडं ने. पन पोलीस-गिलीस काई नको.”

२

माणसं पांगली. रागिणीताई गेल्या. तुबा मात्र थांबली.

अब्बांनी तिला एक सवय लावली होती. उभं झाड पुढून पाहायचं, मग मागून, मग खाली वाकून. पुढून सगळीच झाडं चांगली दिसतात, असं ते म्हणायचे.

ओळीच्या टोकाकडून तिनं सुरुवात केली. सोलणाऱ्याचा हात सरावाचा होता. कुऱ्हाडीचा एकही घाव लाकडात शिरला नव्हता. सोललेल्या सालीचे तुकडे प्रत्येक बुंध्याशी वाळलेल्या पानांवर पडले होते. पहिल्या झाडाच्या मागे, पट्ट्याच्या आतल्या बाजूला ती गेली आणि थबकली.

मागच्या बाजूला साल शाबूत होती. चार बोटं रुंद पट्टी, वरपासून खालपर्यंत सलग. रस्त्यावरून पाहणाऱ्याला झाड गोल सोलल्यासारखं दिसावं, पण मागून त्याचा जीव वाहता राहावा, अशी.

दुसऱ्या झाडालाही तसंच. तिसऱ्यालाही. चुकून राहिली म्हणावं तर एखाद्या झाडाला राहील. इथं प्रत्येक झाडामागे तीच चार बोटं मोजून ठेवल्यासारखी होती.

असं कोण करतं? किशोरला सूड घ्यायचा असता तर त्यानं पट्टी ठेवली नसती. भाव पाडणारा व्यापारी झाडाच्या जिवाची पर्वा कशाला करेल? ती तर पुढच्या महिन्यात तुटणारच होती. वेड्याच्या भरात कुणी कुऱ्हाड चालवली असती, तर घाव इतके नेमके बसले नसते. झाडं मारल्याचा देखावा करायचा होता, आणि मारायचं मात्र जिवावर आलं होतं.

मोजत मोजत ती बरोबर वळणावरच्या झाडापाशी आली. अकरावं झाड. इथं सगळंच वेगळं होतं. साल गुडघ्यापासून कमरेपर्यंत हातभर उंच काढली होती, चहूबाजूंनी, मागं पट्टी न ठेवता. रस्त्याकडच्या अंगाला तर घाव लाकडात खोल गेले होते. आणि बुंध्याशी सालीचा एक तुकडा नव्हता. पानं बाजूला सारून तिनं पाहिलं. नाहीच.

बावीस झाडांची साल जागच्या जागी टाकून दिली होती. एकाची तेवढी कुणीतरी उचलून नेली होती.

३

“माह्या हातात कुऱ्हाड आली असती ना, तर मी धुऱ्यावरची झाडं पाडली असती,” किशोर म्हणाला. तो तुरीच्या गंजीपाशी उभा होता आणि तुबाला बस म्हणायचीही त्याची तयारी नव्हती. “दहा वर्सं झाले, त्याईच्या सावलीनं माह्या तुरीच्या चार ओळी वाया जातात. रस्त्यावरच्या झाडाईनं माहं काय बिघडोलं? तथी माहं वावरच नाई.”

तुबानं मान डोलावली. तो खरं बोलत होता. त्याचा धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होता. सोललेल्या ओळीची सावली रस्त्याशिवाय कुणावर पडत नव्हती.

“मग सकाळी माझ्यावर का घेतलं?” तिनं विचारलं.

किशोरनं पायानं ढेकूळ फोडलं. “आता लोक बोलून राहिले होते, त मीबी बोललो.”

दुपारी पुंजाराम परतला. फाट्यावर उतरून तो पायी येत होता. खांद्यावर पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी. त्याच्या झोपडीपुढे पाच-सहा जण आधीच वाट पाहत होते. ग्रामपंचायतीच्या सदस्यानं त्याला उभ्याउभ्याच सांगितलं, बुधवारी सकाळपर्यंत झोपडी रिकामी कर, नाहीतर सामान रस्त्यावर येईल. पुंजारामनं ऐकून घेतलं. काय केलं म्हणून त्याला काढत आहेत, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर तुबा त्याच्याजवळ दगडावर बसली. “कुठं गेला होता, काका?”

“मोझरीले. गुरुकुंज आश्रमात. दोन दिवस पडून होतो तथी.”

“कोणाला न सांगता?”

“असं कसं म्हनता बाई?” तो पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहत म्हणाला. “मालकानंच धाडलं. म्हने, पुंजाराम, श्यामच्या आठवनीनं झुरून राहिला तू, जाऊन ये, मन हलकं होईन. शनवारी सकाऊन बैलबंडीनं फाट्यापर्यंत त्याईनंच सोडलं मले.”

सकाळी सगळं गाव पुंजाराम पळाला म्हणत होतं, तेव्हा खुशालराव तिथंच बसले होते. मी पाठवलं, एवढं म्हणायला दोन शब्द पुरले असते.

“श्याम कुठं सापडला होता?” तिनं हळूच विचारलं.

पुंजारामनं हात केला. बोट वळणाकडे गेलं. “त्या झाडाखाली. नांदगाव पेठेच्या कपड्याच्या कंपनीत होता. कंपनीची बस फाट्यावर सोडे, तथून सायकलनं ये. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी गेला. पाऊस होता. सायकल घसरून झाडावर आदळला, असं लिवलं कागदावर. लोक म्हनाले, पेला असन.” त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “पेत नोता थो.”

“पाहिलं कोणी पहिल्यांदा?”

“मालकानं. सकाऊन आले माह्याकडं. बोलताच येत नोतं त्याईले.”

४

मंगळवारी उजाडताच ती पुन्हा वळणावर गेली. या वेळी सोबत पटाशी होती आणि भिंग होतं.

अकराव्या सागापुढे गुडघे टेकून तिनं उघडं लाकूड तपासलं. ताज्या घावांचं लाकूड पिवळट होतं. पण मधोमध, गुडघ्यापासून हातभर वर, कुऱ्हाड चालली होती त्याखाली एक काळवंडलेला पट्टा राहून गेला होता. त्या पट्ट्याच्या कडेला लाकूड गोल वळून फुगलं होतं, ओठासारखं.

हे तिनं मशीनवर हजार वेळा पाहिलं होतं. झाडाला जखम झाली की ते कडेनं वाढून ती झाकू लागतं. पण उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही. पावसात, अंगात रस असतो तेव्हा. म्हणजे ही जखम शनिवारची नव्हती. निदान चार महिन्यांपूर्वीची, भादव्यातली तरी होती. शनिवारी कुणी आलं ते झाड मारायला नव्हे, ही जुनी जखम तासून काढायला. एकच झाड तासलं असतं तर पाहणाऱ्याची नजर थेट तिथंच गेली असती. म्हणून अख्खी ओळ सोलली. आज ना उद्या मोजणीवाले येणार, एकेका बुंध्याला टेप लावणार, हात फिरवणार, म्हणून ऐन मोजणीच्या तोंडावर सोलली.

ओठाच्या आत पटाशीचं टोक घालून तिनं हळूच उचकलं. वाढत्या लाकडानं काहीतरी गिळलं होतं. नखाएवढं. बाहेर आलं तेव्हा तिनं ते तळहातावर घेऊन उन्हात धरलं.

नारिंगी प्लास्टिक. गाडीच्या इंडिकेटरचा तुकडा.

सायकलला इंडिकेटर नसतो.

रस्त्यानं शाळेची पोरं गेली, एक बैलबंडी गेली. आपला सौदा, आपलं नाव, किशोरचं बोलणं, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. श्याम घसरला नव्हता. त्याला कुणीतरी उडवलं होतं, आणि ते कुणाला तरी ठाऊक होतं.

मग तिला दसऱ्याच्या दिवसातला एक फोन आठवला. खुशालरावांचा. “रस्त्यावरची ओळ सौद्यातून काढता येते काय?” असं ते म्हणाले होते. सगळ्यात सरळ झाडं तीच, म्हणून तिनं नाही म्हटलं होतं. म्हाताऱ्याचा जीव अडकला असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

शनिवारी पुंजारामला गावाबाहेर पाठवणारे तेच. पोलीस नको म्हणणारे तेच. आणि झाडांच्या मागे चार बोटं साल राखून ठेवील असा माणूस साऱ्या पंचक्रोशीत एकच होता.

पण खुशालरावांना गाडी चालवताच येत नव्हती.

५

अकोल्याला पोचायला तिला दोन तास लागले. जठारपेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आरती राहायची, खुशालरावांची एकुलती एक मुलगी. सात-बाऱ्यावर तिचंही नाव होतं, त्यामुळे सहीचं निमित्त सांगता आलं.

आरती चाळिशीची, कॉलेजात शिकवणारी. मागे सौदा ठरला तेव्हा तुबानं तिला पाहिलं होतं. हसरी, घाईत असणारी, स्वतः गाडी हाकत आलेली. आज दार उघडणारी बाई त्याच चेहऱ्याची होती, पण जणू दुखणं काढून उठलेली.

“रस्त्याकडेची झाडं कोणीतरी सोलली, आरतीताई. तेवीस.”

“हो, बाबांचा फोन आला होता.” मग लगेच, “पुंजारामकाका कसे आहेत?”

तुबानं तिच्याकडे पाहिलं. बापाची चाळीस वर्षांची झाडं सोलली गेली आणि हिला आधी राखणदार आठवला.

“त्यांना उद्या सकाळी झोपडीतून काढणार आहेत. त्यांनीच केलं म्हणतात.”

आरतीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. “पण ते असं करणार नाहीत.”

“मलाही तसंच वाटतं.” तुबा खिडकीशी गेली. खाली गाड्या लावायची जागा होती. एका रकान्यावर दोनशे तीन असा या घराचा आकडा रंगवलेला होता आणि तिथं कुणाची तरी घसरगुंडी ठेवली होती. “तुमची गाडी दिसत नाही?”

“विकली. दसऱ्याच्या आधीच.”

“नवीच होती ना?”

“चालवावीशी वाटत नाही. मी बसनं जाते आता.”

“महालक्ष्म्यांना तुम्ही माहेरी गेला होतात, तेव्हा गाडी होती?”

आरती उठली, कप घेऊन आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि येतच राहिला. तुबा बसून होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी नळ बंद झाला.

आरती दारात येऊन उभी राहिली. हात ओले, तोंड ओलं. “तुम्ही बाबांना विचारा,” ती म्हणाली. “नाही. थांबा. त्यांना विचारू नका. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येते.”

६

बुधवारी सकाळी खुशालराव ओसरीवर बसले होते. तुबानं नारिंगी तुकडा त्यांच्यापुढे चौरंगावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, तुकड्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

“तुम्हीच सोलली, काका.”

त्यांनी तुकडा बोटानं उलटा करून ठेवला.

“दुसऱ्या कोणी केलं असतं तर मागची साल ठेवली नसती. तुम्ही बावीस झाडांना जगू दिलं. अकराव्याला देता आलं नाही, त्याच्या अंगावर खूण होती. त्याची साल उचलून नेली, कारण तिच्यावर गाडीचा रंग असणार.” लहानपणी अब्बांसोबत तुबा याच ओसरीवर बोरं खात बसायची. “आणि पुंजारामकाकांना तुम्ही स्वतःच मोझरीला पाठवलं. तो माणूस एवढा चांगला, की गावानं दोषी ठरवलं तरी तुमचं नाव त्यानं चारचौघांत पुढं केलं नाही.”

“साल चुलीत घातली,” खुशालराव म्हणाले. आवाज कुठून तरी खोलातून आला. “पोरगीनं घरात पाय ठेवला अन् मटकन खाली बसली. बाबा, वळनावर कोनीतरी होतं म्हने, पावसात दिसलं नाई. गाडी बाजूनं पूर्न घासली होती. मी म्हनलं, तू घरातच राह्य. मी एकटाच गेलो पाहाले.” त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “दुसऱ्या दिवशी त्या झाडाले माती थापून देल्ली, वाळवी लागल्यावानी दिसावं म्हनून. थे चार मयने निभलं. पन मोजनीवाले वाळवी खरडूनच पाह्यतात ना.”

“पुंजारामकाकांना आज घराबाहेर काढतात.”

“मी त्याले दुसरं घर बांधून देईन. जल्मभर पोसीन.” त्यांनी तिचा हात धरला. “तुबा बेटा, झाड तुहं हाय. सौदा झाला हाय आपला. मशीनवर टाक, फळ्या काढ. एका दिवसाचं काम. तुह्या बापानं माह्याशी कधी दगा केला नाई.”

तुबानं हात सोडवून घेतला नाही. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकाच वेळी. काल रात्रभर तिनं हाच विचार केला होता. गप्प राहिलं तर कुणाचं काय जाणार होतं? एका मेलेल्या पोराचं, ज्याला पिऊन पडला म्हणून गाव विसरलं होतं. आणि त्याच्या बापाचं.

“काका, अब्बांनी झाडं विकत घेतली. असलं काही नाही घेतलं कधी.”

फाटक वाजलं. आरती अंगणात उभी होती, खांद्याला पिशवी, चपलांना रस्त्याची धूळ.

“बाबा, उठा,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे जाऊ.”

७

झोपडीपुढे सामान निघालं होतं. एक ट्रंक, दोन गोधड्या, पितळी हंडा. सदस्य आणि दोन-चार माणसं उभी होती, किशोरही होता. खुशालरावांना येताना पाहून सगळ्यांनी वाट दिली. त्यांना वाटलं, मालक राखणदाराला हाकलायला आले.

खुशालराव पुंजारामपुढे गेले आणि मातीत बसले. सत्तर वर्षांचा भुयार पाटील आपल्या राखणदारापुढे बसलेला गावानं कधी पाहिला नव्हता. त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण शब्द मध्येच अडले, तेव्हा आरतीनं सांगितलं. पाऊस, वळण, गाडी. मी चालवत होते. मी थांबले नाही. बाबा एकटेच पाहायला गेले. झाडं बाबांनी सोलली, तुमचा काही दोष नाही. ती न थांबता बोलली आणि शेवटी तिचा आवाज फुटला.

किशोरनं डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

पुंजारामनं आरतीकडे पाहिलं नाही. तो खुशालरावांकडे पाहत होता.

“तुमी गेले होते तथी. त्याच सांजेले.”

“हो.”

“जीव होता त्याच्यात?”

खुशालरावांची मान खाली गेली.

“मालक, इचारून राहिलो मी. होता का जीव?”

“होता.”

“बाबा!” आरती ओरडली. “तुम्ही म्हणाले जागीच गेला. बाबा, तुम्ही मला सांगितलं जागीच गेला होता!”

तुबालाही हे ठाऊक नव्हतं. झाडाला जेवढं सांगता आलं तेवढं त्यानं सांगितलं होतं. हे त्याच्या सालीवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

“पानी मागलं का त्यानं?” पुंजारामनं विचारलं.

“मागलं. ओंजळीनं देल्लं मी. दोन घोट पेला.” खुशालरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसत नव्हते. “मांडीवर डोकं घेऊन बसलो त्याचं. बाबाले सांगजा, असं काईतरी म्हने. पुढचं समजलं नाई.”

“किती येळ?”

“तास असन. जास्तबी असन.”

पुंजारामनं मान हलवली, सावकाश, जणू वाटेतली गावं एकेक करून मोजतो आहे.

“तासाभरात अमरावती येते, मालक,” तो म्हणाला. “गाडी तुमच्या आंगनात उभी होती.”

लेकीला गाडी काढायला लावली असती तर गाडीवरची खूण दिसली असती, तिचं नाव निघालं असतं. श्याम मांडीवर होता तो सगळा वेळ खुशालरावांनी हेच तोलत काढला होता.

पुंजाराम उठला. ट्रंक उघडून त्यानं धुतलेला सदरा काढला, अंगात घातला, टोपी नीट केली. मग तुबाजवळ आला. “बाई, जीप हाय ना तुमची? ठान्यात चाला.”

खुशालराव आणि आरती मागे बसले, पुंजाराम पुढे. ठाण्यासमोर जीप थांबली. पुंजाराम आधी उतरला आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात मालकासाठी मागचं दार उघडायला गेला. कडीवर बोटं टेकली, तशीच राहिली. मग त्यानं हात मागे घेतला आणि पायऱ्या चढून गेला.

पुढचं सगळं कायद्याच्या वाटेनं गेलं. बापलेकीनं आपापला जबाब दिला, एकमेकांना वाचवायचा प्रयत्न दोघांनीही केला नाही. अकरावा साग तोडून जप्त झाला. तुबाचा सौदा मोडला. किशोर एक दिवस आरामशीनवर आला, काही न बोलता चहा पिऊन गेला. सदस्यानं पुंजारामचं सामान स्वतः आत नेऊन ठेवलं, पण पुंजाराम त्या झोपडीत पुन्हा राहायला गेला नाही. तो फाट्यावर एका खोलीत राहू लागला.

तुबाच्या मनात मात्र त्या बुधवारची ठाण्यातली दुपार राहिली. पुंजारामला खुर्ची दिली होती, तो बसला नव्हता. कागदावर लिहिणाऱ्या हवालदारानं नाव विचारलं, वय विचारलं, मग मान वर न करता विचारलं, “मयत श्याम तुमचा कोण लागत होता?”

“लागत होता नाई, साहेब,” पुंजाराम म्हणाला. “लेक लागते माहा. तसंच लिवा.”